कडी

नदीकाठचं हे गाव, उरुग्वेच्या अगदी पोटात.
मी एल्बियो, शाळेचा शिपाई, वय बासष्ट.
फरशी पुसता पुसता चौथीचा अख्खा वर्ग
माझ्या कानांवरून जातो.

सोमवारी नोएलियाबाईंनी पुस्तक मिटलं.
'नगरपालिका म्हणजे काय' तिथंच राहिलं, पान एकोणचाळीस.
टेबलं भिंतीला लागली, जमिनीवर खडूचे रस्ते आले
(पुसायचे मलाच, पण असो)
आणि मतदान घेऊन नाव ठरलं: बिस्किटगाव.
'नवी राजधानी' तीन मतांनी पडली.

मग चिठ्ठ्या.
डॉक्टरांच्या थियागोला झाडू आला.
मिलाग्रोस, जिला 'हजर' म्हणतानाही घाम फुटतो,
ती महापौर.
माणशी दहा राजमे, त्यातले तीन कराचे.
आक्सेलनं दोन मोज्यात दडवले.
बुधवारी पुलाला नेमके दोनच कमी पडले.
पूल फळ्याच्या अलीकडे थांबला
आणि आक्सेल दिवसभर लंगडत राहिला.
कुणी चकार शब्द काढला नाही.
फक्त सगळ्यांची नजर त्याच्या डाव्या बुटावर.

गुरुवारी ब्रिसानं हात वर केला.
"मुलींच्या संडासाला कडी नाही. मार्चपासून."
आता ऑगस्ट.
बाई म्हणाल्या, "पण तो संडास बिस्किटगावात येतो का?"
महापौर उठली. पांढऱ्या डगल्यावरचा निळा बो
उगाचच घट्ट केला.
"यायला हवा," म्हणाली. आणि बसली.

दुपारी माझ्या बादलीवर कागद:
'श्री. एल्बियो यांनी उद्या दहा वाजता
साक्षीला हजर राहावे.'
खाली सत्तावीस सह्या,
शिक्का म्हणून डिंकानं चिकटवलेला राजमा.

हसलो. घरी नेला.
रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना.

मी अकरा वर्षांचा असताना
असाच एक कागद वडिलांना आला होता.
पूर्ण नाव, वेळ, खोली क्रमांक.
तिसऱ्या आठवड्यात ते परतले
आणि पुढे कधी जेवताना
त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. आमचंसुद्धा.
आईला हाक मारायची तर
चमचा ताटलीवर वाजवायचे.

शुक्रवारी वर्गाच्या मधोमध एकच खुर्ची.
माझे पाय उंबऱ्यालाच अडले.
थियागो झाडू सांभाळत पुढे आला:
"बसा. पाणी हवंय?"

पहिला प्रश्न हा.
मग बाकीचे.
मी सांगितलं: तीनदा अर्ज केला,
दोनदा 'पाहू', एकदा काहीच नाही.
"अर्जाची प्रत आहे?" मिलाग्रोसनं विचारलं.
इतक्या वर्षांच्या नोकरीत
ती प्रत आजवर कुणी मागितली नव्हती.
होती. वरच्या खिशात, घडीवर फाटलेली.
ती हातोहात फिरली, मोठ्यानं वाचली गेली,
माझ्या दोन चुकांसकट.

तेवढ्यात आक्सेल खाली वाकला, बूट काढला,
मोजा झटकला, दोन राजमे टेबलावर ठेवले.
"कडीला घ्या."
वास पार शेवटच्या रांगेत पोचला.
बाईंनी खिडकी उघडली. हसण्यात तास संपला.

ठराव मंजूर. एक मत विरोधात:
खुआनसेला अजून पूलच हवा होता.
कचेरीला पत्र गेलं, सोबत माझा अर्ज,
आणि दोन राजमे, कशासाठी ते कुणी सांगेना.

उत्तर अजून नाही.
तोवर महापौरांच्या हुकमानं
संडासाच्या दाराला सुतळीनं टांगलाय
पुठ्ठ्याचा तुकडा. एका बाजूला 'रिकामं',
दुसऱ्या बाजूला, मिलाग्रोसच्या अक्षरात,
'आत माणूस आहे'.

वाऱ्यानं तो फिरतो.
मी येताजाता सरळ करतो.
चौथीची फरशीही पुसतो रोज,
पुलाच्या कडेकडेनं.